चित्रनिर्मिती-व्यवस्थापन : कला आणि तंत्र यांचा मेळ

चित्रपट, मालिका, वेबमालिका किंवा माहितीपट करताना दिग्दर्शकाला पडद्यावर जे दिसायला हवे असते आणि कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, वीज, डेटा व वेळ यांतून जे साधते, त्यांची सांगड घालण्याचे काम. मोठ्या निर्मितीत ते कार्यकारी निर्माता (सेटवरच्या भाषेत ‘ईपी’), लाइन प्रोड्यूसर (रोजचा खर्च आणि कामकाज पाहणारा) आणि मुख्य सहायक दिग्दर्शक यांच्यात वाटलेले असते. लहान मराठी चित्रपटात बऱ्याचदा एकच माणूस सगळे पाहतो. हे काम म्हणजे कलावंत आणि तंत्रज्ञ यांच्यातली रस्सीखेच, असा समज आहे. सेटवरचे बहुतेक तंटे मात्र निर्णय उशिरा झाल्याने होतात. पटकथेत खोडरबराने बदलणारी गोष्ट सेटवर अर्धी शिफ्ट खाते आणि संकलन पक्के झाल्यावर तीच बदलायची तर तीन-चार विभागांना काम पुन्हा करावे लागते.

पूर्वपीठिका

दादासाहेब फाळके यांच्यापुढे हा प्रश्न या रूपात नव्हता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी कथेपासून फिल्म धुण्यापर्यंतचे निर्णय एकाच डोक्यात होत होते. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत भागीदारांनीच विभाग वाटून घेतले: दिग्दर्शन व्ही. शांताराम, ध्वनी विष्णुपंत दामले, कलादिग्दर्शन एस. फत्तेलाल, छायाचित्रण केशवराव धायबर आणि पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी. ध्वनिमुद्रणाची अडचण ही तिथे मालकाचीच अडचण होती. तरीही १९३३ चा ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी छपाई जर्मनीत केली, तेव्हा रंग मनासारखे उतरले नाहीत. चित्रण आणि अंतिम प्रत यांत जितके अंतर, तितकी चूक उशिरा कळते. डिजिटल कॅमेऱ्याने हे अंतर कमी केले, पुसलेले नाही.

पटकथेची फोड

कामाची सुरुवात ब्रेकडाउनने, म्हणजे पटकथेची दृश्यागणिक फोड करण्याने होते. पटकथेचे प्रत्येक पान आठ भागांत मोजतात (दृश्य ‘सव्वा पान’ म्हणजे दहा अष्टमांश) आणि एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. मारामारीला आणि गर्दीला हा हिशेब लागू पडत नाही: ‘दोन्ही गट भिडतात’ एवढ्या एका ओळीला दोन दिवस जाऊ शकतात. दृश्यागणिक पात्रे, वस्तू, कपडे, वाहने, प्राणी, दिवस की रात्र, घरात की बाहेर, दृश्यपरिणाम (व्हीएफएक्स) असे सगळे वेगळे काढले जाते. यादी करणे सोपे आहे. खरे कौशल्य आहे ते एखाद्या साध्या शब्दामागचा खर्च ओळखण्यात.

‘पाऊस पडतो आहे’ हे उदाहरण घ्या. खरा पाऊस कॅमेऱ्याला फारसा दिसत नाही. थेंब दिसायला मागून प्रकाश लागतो. शिवाय खरा पाऊस दोन शॉटच्या मधेच थांबतो आणि कंटिन्युइटी (एका शॉटचे पुढच्याशी जुळणे) तुटते. म्हणून टँकर, पंप आणि नोझल लावतात. मिनिटाला ५०० लिटर पाणी सोडले तर १०,००० लिटरचा टँकर २० मिनिटांत रिकामा होतो. तालमीला पाणी सोडायचे नाही ही शिस्त त्यासाठीच. नट भिजला की केस आणि कपडे कोरडे करून पुन्हा उभे राहायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, त्यामुळे एकाच पोशाखाचे किमान तीन जोड शिवून ठेवावे लागतात. पाण्याच्या आवाजात संवाद वाया जातात, म्हणजे डबिंग आले. प्रकाशयोजनेच्या प्रत्येक सर्किटवर गळती पकडून वीज तोडणारे स्विच लागतात. इथे काटकसर करू नये.

हे सगळे मांडून ईपीने दिग्दर्शकाला एकच विचारायचे असते: या दृश्याला पाऊस कशासाठी हवा आहे? नुसता उदासपणा हवा असेल, तर ओले अंगण, पागोळ्यांतून गळणारे पाणी आणि ध्वनिपटावरचा पाऊस एवढ्याने भागते. पावसात भिजणे हीच घटना असेल, तर दोन रुंद शॉट पूर्ण पावसात आणि जवळचे शॉट साध्या नळीखाली घेता येतात. ‘बजेटमध्ये बसत नाही’ हे उत्तर मात्र सर्वांत निकामी. त्यातून दिग्दर्शकाला पर्याय कळत नाही आणि पुढच्या वेळी तो अडचण लपवायला शिकतो.

तांत्रिक रेकी

पहिली रेकी (जागेची पाहणी) दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शक जागेच्या रूपासाठी करतात. दुसरी विभागप्रमुखांसह, आणि शक्यतो चित्रीकरण ज्या वेळी व्हायचे त्याच वेळी करतात. वाई-मेणवलीकडचा जुना वाडा चौकटीत देखणा दिसतो, पण माडीची लाकडी जमीन ट्रॉली सरकताच करकरते आणि दिंडी दरवाजातून क्रेन आत जात नाही. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त साडेतीन किलोवॉटच्या आसपास भार घेता येतो. अडीच किलोवॉटचा एक दिवा चालेल, चार किलोवॉटचा नाही. जनरेटर आणावा तर तो आवाजासाठी लांब उभा करावा लागतो आणि केबल लांबली की व्होल्टेज पडते. देवळाचा भोंगा, शाळेची घंटा, शेजारची पिठाची गिरणी यांच्या वेळाही याच फेरीत लिहून घेतात.

संधिप्रकाशाची मागणी इथेच तपासावी. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर चित्रणाला उपयोगी उजेड जेमतेम २० ते २५ मिनिटे टिकतो. युरोपातल्या लांबलेल्या संध्याकाळी पाहून आखलेले सहा शॉट इथे बसत नाहीत. दोन, फार तर तीन बसतात. उरलेले शॉट सलग दोन-तीन संध्याकाळी वाटायचे आणि त्या दिवसांचे बाकीचे काम त्याच जागेवर लावायचे, हा नेहमीचा तोडगा. आकाश न दिसणारे जवळचे शॉट नंतर दिव्यांवर उरकतात.

ध्वनीची बाजू

या हिशेबात कायम मागे पडतो तो ध्वनी, कारण त्याची चूक मॉनिटरवर दिसत नाही. भारतात दीर्घकाळ संवाद नंतर डब करण्याची पद्धत होती. २००१ च्या ‘लगान’नंतर मुख्य प्रवाहातही जागेवरच्या ध्वनिमुद्रणाकडे कल वाढला. तो निर्णय एकट्या ध्वनिविभागाचा नाही. त्यासाठी कॅमेऱ्यामागची कुजबुज, पंखे, फ्रीज बंद करावे लागतात, सुळसुळणाऱ्या साड्या आणि खणखणणाऱ्या बांगड्या तपासाव्या लागतात आणि प्रत्येक जागेवर ३० ते ६० सेकंद शांत खोलीचा आवाज घेण्यासाठी पूर्ण युनिटला स्तब्ध उभे करावे लागते. हा अर्धा मिनिट वाचवणाऱ्या युनिटला संकलनात संवादांमधल्या फटी भरायला काही सापडत नाही.

मालिकांचा वेग

दैनंदिन मालिकेत तराजू वेगळा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता सुमारे २० ते २२ मिनिटांचा मजकूर असतो आणि आठवड्याचे सहा भाग द्यायचे तर जवळपास रोज तेवढे फुटेज निघावे लागते. म्हणून दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात. समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांना एकच प्रकाश पुरायचा असल्याने तो सपाट होतो. मालिकांच्या दृश्यरूपावर होणाऱ्या टीकेचे एक मूळ इथे आहे आणि छायालेखकाला दोष देऊन ते सुटत नाही. जाणते युनिट आठवड्यातून एक महत्त्वाचे दृश्य निवडून ते एका कॅमेऱ्यावर, निवांत प्रकाशात घेते आणि त्याची भरपाई दिवाणखान्यातल्या संवादांनी करते. आगाऊ तयार ठेवलेल्या भागांची ‘बँक’ संपली की ही चैन सर्वांत आधी जाते.

फ्रेमचा वेग, डेटा आणि चाचणी

चित्रपटगृहाची प्रत सहसा सेकंदाला २४ फ्रेमची असते, भारतीय दूरचित्रवाणी २५ ची. हे पहिल्या दिवसाआधी ठरले नाही तर २५ वर चित्रित केलेला १२० मिनिटांचा चित्रपट २४ वर चालवताना १२५ मिनिटांचा होतो आणि आवाजाची पट्टी उतरते. भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुने ट्यूबलाइट आणि रस्त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यामुळे २४ फ्रेमला शटरचा कोन १८० ऐवजी १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे उघडीप (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ) बरोबर एक पन्नासांश सेकंद होते.

‘रॉ’मध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या संस्कार न केलेल्या स्वरूपात चित्रण करू या, ही मागणी सहज केली जाते. ४०९६ बाय २१६० आकाराची, १२ बिटची, दाब न दिलेली (कॉम्प्रेस न केलेली) रॉ फ्रेम सुमारे १३ मेगाबाइटची असते. २४ फ्रेमला तासाचे जवळपास १.१५ टेराबाइट होतात. दोन कॅमेऱ्यांचे रोज प्रत्येकी दोन तासांचे फुटेज धरले तर दिवसाला ४.६ टेराबाइट, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १४ च्या घरात. सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाच्या साध्या डिस्कवर तासाचे फुटेज उतरायला दीड तासाहून अधिक लागतो, पडताळणीचा वेळ वेगळा. डेटा सांभाळणारा मुलगा पॅकअपनंतर रात्रभर जागतो आणि सकाळी घाईत न पडताळलेले कार्ड पुसतो. फुटेज जाण्याचा हा नेहमीचा मार्ग. रंगसंस्कारात (कलर ग्रेडिंगमध्ये) प्रतिमा फार ताणायची नसेल तर दाबयुक्त स्वरूप पुरते. २५ फ्रेमच्या अल्ट्रा-एचडी प्रोरेस ४२२ एचक्यू या दाबयुक्त स्वरूपाला तासाला सुमारे ३३० गिगाबाइट लागतात. तीन प्रतींपैकी एक वेगळ्या ठिकाणी ठेवतात आणि पडताळणीची नोंद हाती आल्याशिवाय कार्ड परत द्यायचे नाही, हा नियम दिग्दर्शकाच्या घाईपुढेही मोडू देत नाहीत.

अडचणी आधीच कळाव्यात म्हणून चाचणी पूर्ण साखळीची हवी: खरा कॅमेरा, खरे कपडे, खरा मेकअप, रंगसंस्कार आणि शेवटी चित्रपटगृहाचा पडदा. बारीक चौकडीच्या लुगड्यावर सेन्सरमुळे लाटा उमटतात, हे तेव्हाच दिसते. नवरीचा हिरवा चुडा दृश्यपरिणामांसाठी लावलेल्या हिरव्या पडद्यासमोर नेला तर चुड्याच्या जागी भोके पडतात. अशा दृश्याला निळा पडदा लावावा, अर्थात शालू निळा नसेल तर.

वेळापत्रक

दृश्ये कथेच्या क्रमाने घेतली जात नाहीत; जागा, नटांच्या तारखा आणि दिवस-रात्र यांनुसार गट पाडतात. भावनिकदृष्ट्या जड दृश्य पहिल्या दिवशी आणि शेवटच्या तासात ठेवू नये. रात्रपाळीनंतर लगेच सकाळची शिफ्ट लावली तर कागदावर दिवस वाचतो, पण युनिट पहिले तीन तास झोपेत असते. बालकलाकारांबाबत २०१७ पासूनचे नियम वेळापत्रक ठरवतात: दिवसाला कमाल पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाचा परवाना लागतो. बैल ऐन वेळी गावातून आणून उभे करता येत नाहीत. अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी दहा टक्के राखून ठेवण्याचा प्रघात आहे. दिग्दर्शकाला ही रक्कम दिसली की ती शेड्यूलच्या पहिल्याच आठवड्यात संपते, असे अनुभवी ईपी म्हणतात.

संकलनानंतर

चित्र पक्के झाले की ध्वनी, रंग, संगीत आणि दृश्यपरिणाम समांतर सुरू होतात. त्यानंतर मधली दोन सेकंदे काढली तर पुढचा प्रत्येक ध्वनिपट सरकतो. म्हणून पक्के करण्याआधी अनोळखी लोकांना चित्रपट दाखवतात आणि दृश्यपरिणामांचे शॉट देताना दोन्ही टोकांना ८ ते १२ जादा फ्रेम ठेवतात. सेन्सॉरने काट सुचवल्यास ध्वनिमिश्रण पुन्हा उघडावे लागते, यासाठी संवाद, संगीत आणि परिणाम यांचे वेगळे पट जपतात. चित्रपटगृहाची डिजिटल प्रत बनवताना आकारही ठरलेला लागतो: २के मध्ये (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीत) फ्लॅटसाठी १९९८ बाय १०८० आणि जास्त रुंद-बुटक्या स्कोपसाठी २०४८ बाय ८५८. स्कोपसाठी बांधलेली चौकट पुढे वाहिनीला पूर्ण पडदाभर द्यायची असेल, तर वरखालची जागा चित्रीकरणातच मोकळी ठेवावी लागते. नाहीतर तिथे बूम माइक (लांब दांडीवरचा माइक) लटकलेला सापडतो.