स्तुती व आराधना (मराठी ख्रिस्ती परंपरा)

देव कोण आहे आणि त्याने आपल्यासाठी काय केले आहे हे गाऊन, बोलून, कधी नुसते शांत बसून कबूल करण्याची ख्रिस्ती साधना. विनंतीच्या प्रार्थनेत माणूस मागतो. स्तुतीत मागणे बाजूला राहते. रविवारची उपासना, घरातली सांजप्रार्थना, लग्न, मयत, नाताळ, यांतले काहीही मराठी ख्रिस्ती घरात गीताशिवाय पार पडत नाही. या गायनात आध्यात्मिक सामर्थ्य असते ही मंडळीची (म्हणजे चर्चच्या लोकसमुदायाची) जुनी श्रद्धा आहे. मात्र ‘स्तुती करा, काम होईल’ असा जो सूर हल्ली काही सभांतून लागतो, त्याला बायबलचा आधार मिळत नाही.

बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राचा कर्ता ‘कोठवर?’ असे देवाला पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी गाऊ लागतो. मधल्या काळात त्याचे शत्रू हरल्याचा उल्लेख नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते स्तोत्रांमध्येच ठेवलेले आहे. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फुले नाहीत, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत असे एकेक मोजून सांगतो आणि तरीही परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन म्हणतो. स्तुतीने परिस्थिती बदलतेच असे नाही. तिच्यासमोर उभा असलेला माणूस बदलतो. आमोस संदेष्ट्याने याची दुसरी बाजू मांडली आहे. न्याय पायदळी तुडवून गायलेली गीते देवाला गोंगाट वाटतात, असे तो सांगतो.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील फिलिप्पै येथील तुरुंगाची कथा या विषयात नेहमी सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. पौल हा प्रेषित व त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते प्रार्थना करीत व गात होते आणि बाकीचे कैदी कान देऊन ऐकत होते. भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळाल्या. उपदेशक पुष्कळदा इथेच थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे: पौल व सीला पळाले नाहीत. कैदी निसटले असे समजून तुरुंगाधिकारी स्वतःवर तलवार चालवणार होता, त्याला पौलाने ओरडून थांबवले. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला. दारे उघडी असताना शत्रूचा जीव वाचवण्यासाठी थांबून राहण्याचे बळ हे मला भूकंपापेक्षा मोठे वाटते.

स्वतः येशूही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेला, अशी मार्क व मत्तय यांची नोंद आहे. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले होते, की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. ही माहिती त्याने त्यांची चौकशी करताना मिळवली होती.

मराठीत या स्तुतीचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाचा प्रसंग ग्रंथातच आला आहे. जुनी पुराणे वाचायची नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो. त्या मागणीचे उत्तर दहा हजारांहून अधिक ओव्यांत मिळाले आणि पुढे ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायली जात. ऱ्हस्व अक्षर ताणावे लागे, दीर्घ आखडावे लागे आणि अर्थ चालीच्या खाली दबे. १८६० च्या दशकात अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन, मूळ पद, निरूपण, आख्यान हा सांगाडा नारदीय कीर्तनाचा आणि आख्यान बायबलमधले. चर्चची पायरी न चढणारी माणसेही टाळमृदंग ऐकून येऊन बसत.

यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हटले होते आणि त्याच्या अभंगांत तो पूल दिसतो. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, त्याच जिव्हाळ्याने टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. त्यांच्या गीतांत भक्त कोर्टात उभ्या आरोपीसारखा बोलत नाही. तो रुसतो, हट्ट धरतो, पायांशी लोळण घेतो. मराठी मंडळीला स्तुती आपल्या तोंडची वाटू लागली ती इथून, असे माझे मत आहे. त्यांनी सुरू केलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचा मोठा भाग त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. ‘उपासना संगीत’ या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतपुस्तकात टिळकांची गीते आजही मोठ्या संख्येने आहेत.

आराधनेच्या सामर्थ्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग केडगावच्या मुक्ती मिशनमधला आहे. हा आश्रम चालवणाऱ्या पंडिता रमाबाई पुराणिकाची मुलगी. लहानपणी गावोगावी पुराणे सांगत फिरलेल्या. त्यांच्या आश्रयाला दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या, विधवा अशा मुली होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी गट जमवले आणि जूनअखेर तिथे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, सुरू झाले. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडून पाप कबूल करीत, मग तासन्‌तास गात. भावनेचा हा पूर काहींना खटकला. पण याच मुली पुढे टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. जिला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, ती चार लोकांपुढे उभी राहून बोलू लागली.

एरवी हे सामर्थ्य फार साध्या रूपात दिसते. मयताच्या घरी संध्याकाळी शेजारची मंडळी पेटी आणि टाळ घेऊन येतात. पहिल्या गीताला घरची माणसे गात नाहीत, त्यांना गाता येत नाही. इतर जण त्यांच्या वतीने गातात. तिसऱ्या-चौथ्या गीताला एखादी म्हातारी ध्रुपद धरते. पुस्तक उघडायची तिला गरज नसते, कारण बऱ्याच चाली कानावरूनच पुढे आलेल्या आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) लोकभाषेत आली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी गीतांना मोठा बहर आला. शहरी मंडळ्यांत आता गिटार, कीबोर्ड, पडद्यावरचे शब्द आणि हिंदी आराधना-गीते रुळली आहेत. तरुण मुले त्यांत मनापासून गातात आणि त्या गाण्यांना जुन्या मापाने मोजणे बरोबर नाही. काळजी वेगळीच आहे. नव्या गीतांत विजय आणि आनंद भरपूर असतो, विलाप क्वचितच. त्यामुळे नोकरी गेलेल्या किंवा मूल गमावलेल्या माणसाला त्या सभेत गायला शब्द सापडत नाहीत. टिळकांच्या अभंगांत आणि स्तोत्रसंहितेत ते आहेत. काही मंडळ्यांचे तरुण वादकही आता ते अभंग नव्या साथीवर बसवू लागले आहेत.