बाकाला कान लावल्यावर नेमकं काय कळतं?

एकाने बाकाच्या टोकाला नखाने खरवडायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला कान टेकायचा. एरवी जेमतेम जाणवणारी खरखर लाकडातून एकदम ठसठशीत ऐकू येते. मग फळ्यावर निष्कर्ष येतो: स्थायूत ध्वनी हवेपेक्षा जास्त वेगाने जातो.

विधान खरं आहे, पण ते या प्रयोगातून निघत नाही. मुलांना हे सांगायलाच हवं. कानाला कळतो तो आवाजाचा मोठेपणा, वेग नव्हे. हवेतून एक मीटर जायला ध्वनीला सुमारे 3 सहस्रांश सेकंद लागतात, लाकडातून त्याहूनही कमी. एवढा फरक कानाला कुठून कळणार?

आवाज मोठा का होतो, हे चमच्याच्या प्रयोगात छान उलगडतं. स्टीलचा चमचा दोऱ्याच्या मधोमध बांधा, दोऱ्याची टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळून बोटं कानांत घाला आणि चमचा टेबलावर हलकेच आपटा. मोठ्या घंटेसारखा घुमणारा नाद येतो! चमचा एरवीही तसाच थरथरत असतो. पण त्याचा पत्रा लहान, त्यामुळे तो हवा फारशी हलवू शकत नाही. जी हलते, तिचा आवाज चहूकडे पांगतो. दोरा मात्र ती थरथर थेट बोटांपर्यंत आणतो. दोरा मध्येच चिमटीत धरा, नाद विझतो. दोऱ्याऐवजी लोकर घेऊन बघा. मऊ धागा कंपनं गिळून टाकतो.

वेगाचा फरक ऐकायचा तर अंतर मोठं हवं. 1808 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी पॅरिसमध्ये 951 मीटर लांबीच्या लोखंडी नळावर हे करून पाहिलं. एका टोकाला ठोका दिला की दुसऱ्या टोकाला दोन आवाज येत: आधी लोखंडातून आलेला, मग सुमारे अडीच सेकंदांनी नळातल्या हवेतून आलेला.

‘स्थायू जास्त घन, म्हणून वेग जास्त’ हे स्पष्टीकरणही चुकीचं आहे. घनता उलट वेग कमीच करते. वेग वाढवतो तो पदार्थाचा ताठरपणा, म्हणजे दाबलं जायला तो करतो तो विरोध. पोलाद हवेच्या हजारो पट जड असलं, तरी त्याहून कितीतरी जास्त पटींनी ताठर आहे. हायड्रोजन मात्र हवेइतकाच सहज दाबला जातो आणि तिच्याहून सुमारे 14 पट हलका आहे. म्हणून त्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने धावतो.