बाष्पयुगीन मालवाघिणी : शोध आणि प्रतिकृती

वाफेच्या एंजिनांच्या काळात उत्तर अमेरिकेच्या रुळांवर धावलेल्या मालवाघिणींची बांधणी, मालकी, रंग आणि त्यांच्यावरची अक्षरे यांचा कागदपत्रे व छायाचित्रांवरून शोध घेणे, आणि त्या शोधाबरहुकूम त्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणे, असा हा जोडछंद आहे. त्याचा काळ ढोबळमानाने १९०० ते १९६० असा धरतात. अमेरिकेच्या १८९३ च्या सुरक्षा कायद्याने आपोआप जुळणारी कपलिंगे आणि हवेचे ब्रेक यांची सक्ती आणली. ती १९०० मध्ये पूर्णपणे अमलात आली. दुसऱ्या टोकाला, १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न या मोठ्या कंपनीने मुख्य मार्गावरची आपली शेवटची वाफेची एंजिने थांबवली. ‘वॅगन’ची ‘वाघीण’ मराठीने कधीच करून टाकली आहे, म्हणून या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

वाघिणीच का? : एंजिनांचे फोटो काढायला माणसे मुद्दाम रुळांकडेला जाऊन उभी राहत. मागच्या साठ-सत्तर वाघिणींकडे कोणी ढुंकून पाहत नसे. त्यामुळे जी गोष्ट लाखोंनी होती तिचाच पुरावा तुटपुंजा राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सुमारे २० लाख मालवाघिणी होत्या. त्यांची मालकी शंभराहून अधिक मोठ्या रेल्वे कंपन्या आणि शीत व टाकीच्या वाघिणींचे खासगी मालक यांच्यात विभागलेली होती. मालाची चढ-उतार टाळण्यासाठी वाघिणी एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर बिनदिक्कत जात. परक्या कंपनीची वाघीण आपल्याकडे जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे भाडे मालकाला द्यावे लागे. परिणामी कॅलिफोर्नियातल्या एखाद्या आडस्टेशनच्या सायडिंगवर मेन राज्याची, जॉर्जियाची आणि मिनेसोटाची वाघीण शेजारीशेजारी उभी दिसे. गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिच्यात अर्धा देश भरलेला असायचा. हेच या अभ्यासाचे आकर्षण, आणि डोकेदुखीही.

वाघिणीची जन्मपत्रिका : अभ्यासक वाघिणीकडे पाहतो तो तारखेच्या हिशेबाने. एकच वाघीण १९३८ मध्ये एका रूपात असते आणि १९४८ मध्ये दुसऱ्या. ब्रेकचेच पाहा. ‘के’ प्रकारच्या जुन्या ब्रेकमध्ये सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप एकाच लांबट गोळ्यात जोडलेली असत. १९३३ पासून नव्या वाघिणींना ‘एबी’ ब्रेक आले, त्यात हे तिन्ही भाग वाघिणीच्या पोटाखाली वेगवेगळ्या जागी बसतात. जुन्या वाघिणींना नवे ब्रेक बसवण्याचे काम रेंगाळत १९५० च्या दशकापर्यंत चालले. पट्ट्या बोल्टांनी जोडून केलेल्या ‘आर्च बार’ बोग्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालचा चाकांचा सांगाडा) बोल्ट सैल होऊन निखळत, म्हणून १९४० च्या सुमारास अशा बोग्यांच्या वाघिणी दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर पाठवायला बंदी झाली. १९५० चे यार्ड दाखवणाऱ्या प्रतिकृतींच्या मांडणीत आर्च बार बोगीची परकी वाघीण ठेवली, तर जाणकाराच्या डोळ्यांत ती खड्यासारखी सलते.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद तोफा-रणगाड्यांकडे वळले, तेव्हा वाघिणींच्या बाजूंना पुन्हा लाकडी फळ्या आल्या. युद्धानंतर त्यांतल्या कित्येक वाघिणींवर पोलादी पत्रे चढले. म्हणजे तोच नंबर, तोच सांगाडा, पण १९४४ चा फोटो पाहून १९५२ ची प्रतिकृती केली तर ती साफ चुकते.

वाघिणीच्या अंगावरची बारीक अक्षरे तर तिची जन्मपत्रिकाच. कंपनीची आद्याक्षरे, नंबर, वाहनक्षमता, भाराची मर्यादा आणि रिकाम्या वाघिणीचे वजन ही त्यांतली मुख्य. वाहतुकीचे भाडे मालाच्या वजनावर आकारले जाई, म्हणून भरलेल्या वाघिणीतून वजा करायचे रिकामे वजन अचूक लागे. दुरुस्तीने, झिजेने आणि लाकडातल्या ओलाव्याने ते बदलते, त्यामुळे ठरावीक महिन्यांनी वाघीण पुन्हा काट्यावर जाई, आणि नवे वजन, वजनाच्या जागेचे संक्षिप्त नाव व महिना-वर्ष स्टेन्सिलने रंगवले जाई. आसांच्या पेट्यांतली तेलात भिजवलेली सुताची गुंतवळ बदलल्याची तारीखही अशीच लिहीत. ती वेळेवर बदलली नाही तर आस तापून पेट घेई. फोटोतली ही तारीख वाचता आली की फोटो त्याआधीचा नाही हे नक्की होते. भिंग लावून अशी अक्षरे वाचण्यात या मंडळींच्या रात्रीच्या रात्री जातात.

प्रमाणीकरण : पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि ठरावीक नमुन्यांच्या १ लाख मालवाघिणींची मागणी नोंदवली. त्यांत दोन नमुने बंद डब्यांचे होते. एकाला आतून-बाहेरून फळ्या होत्या. दुसऱ्याला फळ्या फक्त आतून, आणि पोलादी तिरक्या पट्ट्यांचा सांगाडा बाहेर उघडा. वाटणीत या वाघिणी ज्यांना नको होत्या त्यांच्याही गळ्यात पडल्या, पण त्यांतल्या पुष्कळशा पुढे तीस-चाळीस वर्षे चालल्या. सगळ्या कंपन्यांच्या संघटनेने १९२३ मध्ये पोलादी बंद डब्याचा नमुना मांडला. पेनसिल्वेनिया रेलरोडने त्याच धर्तीवर १९२४ पासून ‘एक्स २९’ जातीच्या सुमारे ३०,००० वाघिणी केल्या. त्यांची आतली उंची ८ फूट ७ इंच होती. १९३७ च्या प्रमाण नमुन्यात ती १० फुटांवर गेली. १९४७ मध्ये पुलमन-स्टँडर्ड कारखान्याने ‘पीएस-१’ हा स्वतःचा तयार नमुना आणला, आणि तो पुढे १ लाखावर विकला गेला.

उंचीतला हा फरक किरकोळ वाटेल. पण १९४५ च्या मालगाडीचा फोटो बाजूने पाहिला, तर छपरांची रेषा दातऱ्या करवतीसारखी खालीवर होताना दिसते. तोच फरक मूळच्या १/८७ आकाराच्या छोट्या प्रतिकृतीत जेमतेम ५ मिलिमीटर येतो. तेवढ्यानेच गाडी खरी वाटते. सगळी छपरे एका रेषेत आली की ती दुकानातून आणलेली गाडी, हे शेंबड्या पोरालाही कळावे.

बर्फाच्या वाघिणी : नाशवंत माल बर्फाने थंड ठेवून नेणाऱ्या या जातीवर स्वतंत्र नोंद व्हावी इतके तिच्यात सांगण्यासारखे आहे. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांनी १९०६ मध्ये मिळून स्थापलेली पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस ही अशा वाघिणींच्या मालकांतली ठळक कंपनी. कॅलिफोर्नियाची संत्री, द्राक्षे, कोबी-सॅलडचा पाला पूर्वेच्या शहरांत पोचवणे हे तिचे काम. वाघिणीच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे, आणि छपराच्या चारही कोपऱ्यांत त्यांची झाकणे. सुमारे ३०० पौंडांची लादी फलाटावरून सरकवत आणून, फोडून या झाकणांतून आत टाकीत, आणि वाटेत ठिकठिकाणी बर्फाची भर घालत. माल उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा, यावर झाकणे बंद की किलकिली हे ठरे. प्रतिकृतीतही झाकणे कशी ठेवली आहेत यावरून करणाऱ्याचा अभ्यास कळतो. मांस, बिअर, चीज यांच्या रंगीबेरंगी जाहिराती रंगवलेल्या भाड्याच्या शीत वाघिणी एकेकाळी सर्रास होत्या, पण १९३४ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने निकाल देऊन त्या जाहिराती बंद पाडल्या. खेळण्यांच्या बाजारात मात्र त्या अजून खपतात, कारण दिसायला झकास. १९५० च्या देखाव्यात त्यांना जागा नाही.

पुराव्याची साधने : सर्वांत उपयोगी कागद म्हणजे रेल्वे कंपन्यांच्या वाघिणींची ठरावीक काळाने छापली जाणारी अधिकृत नोंदवही. कोणत्या कंपनीचे कोणते नंबर, त्या मालिकेत किती वाघिणी उरल्या, त्यांची आतली लांबी-रुंदी-उंची, दारांचे माप, वाहनक्षमता, सगळे त्यात ओळीने सापडते. दोन वेगळ्या वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोणती मालिका कधी भंगारात गेली हे उमगते. १८७९ पासून वाघीण बांधणाऱ्यांसाठी कोश निघत आले, त्यांत कारखान्यांची रेखाचित्रे आहेत. कारखाने नवी वाघीण रंगवून झाली की तिचा फोटो काढून ठेवत; या फोटोंचा आणि नकाशांचा मोठा साठा संग्रहालयांत पोचला आहे. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचे कागद सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया राज्य रेल्वे संग्रहालयात आहेत. पण कारखान्याच्या फोटोत वाघीण नव्या नवरीसारखी असते. तिची पुढची वीस वर्षे त्यात दिसत नाहीत.

ती दिसतात ती अनपेक्षित जागी. जॅक डेलानो या छायाचित्रकाराने १९४२-४३ मध्ये सरकारी कामासाठी शिकागोच्या आसपासच्या यार्डांचे फोटो काढले, त्यांतले काही कोडाक्रोम रंगीत फिल्मवर. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. डेलानोचा रोख कामगारांवर होता, पण मागे पसरलेल्या शेकडो वाघिणींची धूळ, काजळी आणि खरे रंग त्यात अलगद टिपले गेले. रंगाबाबत हा आधार मोलाचा आहे, कारण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तांबडी वाघीण त्यात काळी येते आणि पिवळी अंधारलेली. बहुतेक बंद डबे लोहभस्माच्या स्वस्त, टिकाऊ तांबूस रंगाचे असत. पण ‘तांबूस’ म्हणजे विटकरी, चॉकलेटी की गेरूसारखा, यावर दोन अभ्यासकांचे एकमत झाल्याचे कोणी पाहिलेले नाही.

संग्रहालयात उभी असलेली प्रत्यक्ष वाघीण हा सर्वांत भरवशाचा पुरावा असे वाटते, आणि तिथेच नवशिके फसतात. १९६६ पासून नव्या बंद डब्यांच्या छपरावरची चालण्याची फळी बंद झाली, मग जुन्यांवरचीही काढली गेली आणि शिड्या आखूड झाल्या. आज उभी असलेली वाघीण बहुधा या शस्त्रक्रियेनंतरची असते. माप तिचे घ्यावे, रूप फोटोतले.

ताफ्याचे गणित : कोणती वाघीण करायची याचे उत्तर बरेच जण ‘आवडेल ती’ असे देतात. अभ्यासू मंडळींनी यावर गणित मांडले. एखाद्या भागातून जाणाऱ्या परक्या बंद डब्यांमध्ये प्रत्येक कंपनीचा वाटा साधारण तिच्या देशभरातील बंद डब्यांच्या वाट्याइतका असतो, असे ते गृहीतक. बंद डबा कुठलाही माल घेऊन कुठेही जातो, म्हणून त्याला हे लागू पडते. कोळशाचे हॉपर, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या वाघिणी, खाण ते बंदर किंवा खाण ते कारखाना अशा ठरल्या वाटेवरच फिरत. त्यांना हे लावले तर मांडणी विनोदी होते. पडताळा घ्यायला गार्डांच्या वह्या कामी आल्या. गार्ड प्रत्येक गाडीतल्या वाघिणींची आद्याक्षरे, नंबर, भरलेली की रिकामी, माल काय आणि जाणार कुठे हे लिहून ठेवी. अडगळीतून बाहेर आलेल्या अशा वह्या आता अभ्यासक आकडेवारीसाठी चाळतात. गणिताचा रोकडा अर्थ असा की पश्चिमेच्या डोंगरातल्या मांडणीवरही पेनसिल्वेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल यांच्या नीरस तांबड्या वाघिणी भरपूर हव्यात, आणि छोट्या लाइनीची ती एकुलती एक देखणी वाघीण बहुधा नको. हे पचवायला जड जाते.

प्रतिकृती : सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. त्यात ४० फुटी डबा सुमारे १४ सेंटिमीटरचा होतो. १:१६०, १:६४ आणि १:४८ ही इतर प्रमाणे. १९३५ मध्ये मिल्वॉकी येथे स्थापन झालेल्या, अमेरिकेतल्या लघुरेल्वेच्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने चाके, रूळ आणि वजन यांची मानके ठरवली. १:८७ च्या अशा डब्याचे वजन त्यानुसार १०५ ग्रॅमच्या आसपास हवे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडजवळ १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकाराच्या जगाची कल्पना असेल. तिथला भर धावत्या गाड्यांच्या देखाव्यावर आहे, इथे एकेका वाघिणीवर.

आधी लाकूड आणि धातूच्या भागांचे संच मिळत. युद्धानंतर प्लास्टिकचे स्वस्त संच आले आणि छंद घरोघर गेला. पण एकाच साच्यातला डबा डझनभर कंपन्यांच्या नावांनी रंगवून विकला जाई. कर्नाटकी आंब्याच्या पेटीवर देवगडचे लेबल, तसाच प्रकार. या नाराजीतून १९८० च्या दशकात रेझिनचे संच वाढले. कोणी तरी नकाशांवरून एक अस्सल मूळ नमुना घडवतो, त्याचा सिलिकोन रबराचा साचा घेतो आणि त्यात रेझिन ओतून मोजके नग काढतो. ज्या वाघिणीचे गिऱ्हाईक शंभर-दोनशेच आहे तीही त्यामुळे मिळू लागली. पुढे मोठ्या कंपन्यांनीही अभ्यासकांना विचारून प्लास्टिकचे साचे करायला घेतले. खऱ्या वाघिणीवरची पाऊण इंची दांडी १:८७ मध्ये पाव मिलिमीटरहून बारीक होते, म्हणून साच्यातली जाडजूड दांडी तासून तिथे तार बसवतात. चुकलेली रिव्हेटांची रांग खरवडून, पातळ फिल्मवर उठवलेले रेझिनचे ठिपके तिथे चिकटवतात. हे काम चष्म्याचा नंबर वाढवते.

शेवटी जुनेपण चढवायचे. वाघिणीचे वय आणि ती शेवटची कधी रंगवली हे आधी ठरवावे, मग धूळ. बाजूंवर सारखी काजळी असली, तरी वजन नव्याने लिहिलेल्या जागी जुन्या आकड्यांवर मारलेल्या ताज्या रंगाचा चौकोन स्वच्छ उठून दिसतो. बर्फाच्या वाघिणीवर झाकणाखालून वितळलेल्या खाऱ्या पाण्याचे ओघळ आणि गंज येतो. दारांवरच्या छोट्या फळीला मार्गाची चिठ्ठी टाचलेली असते किंवा जुन्या चिठ्ठ्यांचे कपटे. आणि शंटिंगवाल्यांनी खडूने खरडलेले आकडे : कुठल्या ट्रॅकवर टाकायची, कुठे गाडीपासून तोडायची. पाऊस आला की ते अर्धवट पुसत, पुढच्या यार्डात त्यांवर दुसरे लिहिले जात, म्हणून प्रतिकृतीवर ते काढताना टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने दोन-तीन थर द्यावे लागतात, खालचा थर ओल्या बोटाने पुसट करून.