पॅन्क्रियाजची (स्वादुपिंडाची) गाठ: एक थांबून बघता येते, दुसरी नाही

मुतखड्यासाठी सीटी काढला आणि रिपोर्टात 'पॅन्क्रियाजमध्ये लहान गाठ' आलं की घरात रडारडच सुरू होते, कारण पॅन्क्रियाजचा कॅन्सर म्हणजे माणूस हातचा गेला असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि डॉक्टर म्हणाले 'आत्ता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी बघू', की लगेच शंका, यांनी हात टेकले की काय! पण या एकाच अवयवात दोन पार वेगळ्या जातीच्या गाठी होतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सगळे घाबरतात तो अ‍ॅडेनोकार्सिनोमा. पाचकरसाच्या नळ्यांच्या अस्तरातून होतो, पटकन पसरतो, लहान दिसला तरी त्यात वाट बघायची नसते. दुसरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, डॉक्टर नुसतं 'नेट' म्हणतात. ही हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींतून होते आणि लहान असेल तर बऱ्याचदा वर्षानुवर्षं तेवढीच राहते. पण म्हणून ती साधी समजू नका, अ‍ॅपलवाल्या स्टीव्ह जॉब्सला हीच होती, २००३ मध्ये सापडली, ऑपरेशन २००४ मध्ये झालं, २०११ मध्ये तो गेला.

कॉन्ट्रास्ट सीटीत नेट बहुतेक वेळा उजळ दिसते कारण तिला रक्तपुरवठा भरपूर, अ‍ॅडेनोकार्सिनोमा आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो आणि गाठीमागची पाचकरसाची नळी फुगलेली असते. नक्की करायला गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (नेटच्या पेशींना चिकटणारं औषध टोचून काढतात तो), किंवा एंडोस्कोपीतून सुई घालून बायोप्सी. बायोप्सीत केआय-६७ बघा, म्हणजे किती टक्के पेशी वाढीला लागल्यात तो आकडा, ३ टक्क्यांच्या खाली म्हणजे ग्रेड १, पेशी सावकाश वाढतायत. सीए १९-९ ही रक्ताची कॅन्सरची टेस्ट नॉर्मल आली म्हणून मात्र कुठलाच निष्कर्ष काढू नका.

थांबायचा विचार होतो तो नेट २ सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण आपल्या द्राक्षाच्या मण्याएवढी असेल, हॉर्मोन सोडत नसेल, कावीळ नसेल, नळी फुगलेली नसेल आणि कुठे पसरलेली नसेल तरच. १ ते २ सेंटिमीटरमध्ये पेशंटचं वय, तब्येत, ग्रेड बघून ठरवतात. इन्सुलिन सोडणारी गाठ कितीही बारीक असली तरी शुगर धाडकन खाली नेते, तिथे थांबणं नाहीच.

आणि थांबायचं का, तर ऑपरेशन छोटं नसतं हो. गाठ पॅन्क्रियाजच्या डोक्याच्या (हेडच्या) बाजूला असेल तर व्हिपल नावाचं ऑपरेशन, म्हणजे पॅन्क्रियाजच्या डोक्याबरोबर ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात), पित्तनळी, पित्ताशय सगळंच निघतं, नंतर जोडातून गळती होऊ शकते, डायबिटीस मागे लागू शकतो.

पण थांबणं म्हणजे फाइल कपाटात टाकणं नाही. सुरुवातीला साधारण दर सहा महिन्यांनी, मग वर्षाने एमआरआय किंवा सीटी, तेही बरीच वर्षं. माझं स्पष्ट मत, दर वेळी स्वस्त पडतं म्हणून सेंटर बदलू नका. मशीन बदललं, मोजणारा बदलला की १-२ मिलिमीटर इकडेतिकडे होतातच आणि उगाच 'वाढली, वाढली' होतं. वर्षात ५ मिलिमीटरच्या वर वाढ किंवा नळी फुगायला लागली, तर ऑपरेशनचा विषय परत काढायचा. क्रोमोग्रॅनिन ए ही नेटसाठीची रक्ताची टेस्ट सांगितली असेल तर रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी घेता हे आधी सांगा, पॅन्टोप्राझोलने तो आकडा वर जातो (आपल्याकडे ती अर्धं गाव घेतं!).

सेकंड ओपिनियनला नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाणार असाल, तर नुसते रिपोर्ट नेऊ नका, आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉकही (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) घ्या.