ब्रॅडलॉ प्रकरण: शपथ आणि प्रतिज्ञा यांतला गुंता

१८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं, तेव्हा पाहुणे म्हणून आलेले इंग्लंडचे नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ नुकतेच मोठ्या आजारातून उठले होते. पार्लमेंटमध्ये आपले प्रश्न लावून धरणारे म्हणून लोक त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. पण त्या सभागृहात नुसतं बसायला मिळावं म्हणून त्यांना सहा वर्षं झगडावं लागलं होतं.

जन्म १८३३ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील वकिलाच्या कचेरीत कारकून. धर्माबद्दल शंका विचारल्या म्हणून कोवळ्या वयात घर सुटलं. मग पलटण, कारकुनी, व्याख्यानं, ‘नॅशनल रिफॉर्मर’ हे पत्र. संततिनियमनाची पुस्तिका छापली म्हणून ॲनी बेझंट यांच्यासोबत त्यांच्यावर चाललेला १८७७ चा खटला तर प्रसिद्धच आहे.

१८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आल्यावर त्यांनी देवाच्या नावाच्या शपथेऐवजी देवाचं नाव नसलेली प्रतिज्ञा करू द्या, अशी मागणी केली. आपल्या संविधानात ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे यात अडलं कुठे, असं आज वाटेल. तिथे प्रतिज्ञेची सोय क्वेकरांसारख्या, धर्मापायीच शपथ न घेणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांना होती. नास्तिकाला ती १८६९ पासून मिळाली, पण फक्त कोर्टात साक्ष देताना. ही सवलत सभागृहात चालते का? समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘नाही’ ठरलं.

मग ब्रॅडलॉ शपथ घ्यायला तयार झाले, आणि खरा गुंता इथेच झाला. त्यांनी जाहीर पत्र लिहिलं: देवाविषयीचे शब्द माझ्यालेखी निरर्थक आहेत, पण दिलेलं वचन मी पाळीन. विरोधकांनी नेमकं हेच धरलं. शब्द निरर्थक, तर शपथ कसली? ढोंगाचा हा आरोप मला मुळीच पटत नाही. ढोंगच करायचं असतं, तर गप्प बसून, पुस्तकाला ओठ लावून मोकळं होता आलं असतं. त्यांनी आधी खरं सांगितलं आणि त्याचीच शिक्षा भोगली.

पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कैद झाली. जागा गेली. तीन पोटनिवडणुका झाल्या, तिन्ही त्यांनी जिंकल्या. ३ ऑगस्ट १८८१ ला शिपाई आणि पोलिसांनी त्यांना जिन्यावरून ओढत खाली नेलं. बाहेर अंगणात हा धिप्पाड माणूस उभा राहिला तो फाटक्या कोटात, पांढराफटक पडून. प्रतिज्ञेची मुभा देणारं १८८३ चं विधेयक अवघ्या ३ मतांनी पडलं. १८८६ मध्ये नव्या सभापतींनी कुणाचीही हरकत न ऐकता त्यांना शपथ घेऊ दिली, आणि १८८८ च्या डिसेंबरात त्यांनीच मांडलेला प्रतिज्ञेचा कायदा झाला.

त्याच महिन्यात थोरली मुलगी ॲलिस वारली. मुलगा १८७० मध्येच गेला होता. दारूच्या व्यसनापायी दुरावलेली बायको १८७७ मध्ये. धाकटी हायपेशिया तेवढी उरली.

२७ जानेवारी १८९१ ला सभागृहाने त्यांना शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणारा १८८० चा ठराव इतिवृत्तातून काढून टाकला, तेव्हा ब्रॅडलॉ शुद्धीवर नव्हते. तीन दिवसांनी ते गेले. लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणारे गांधीजी अंत्यविधीला हजर होते. मरताना ब्रॅडलॉंनी देवाचा धावा केला, अशी आवई उठणार हे हायपेशियाने ओळखलं आणि शुश्रूषा करणाऱ्यांकडून सहीनिशी लिहून घेतलं: शेवटच्या आजारात धर्माबद्दल ते अवाक्षरही बोलले नव्हते.