विषारी कचऱ्याच्या जागेची तक्रार: अर्ज नेमका कुठे अडतो

गोरव्यातला क्रोमियमचा कचरा बडोद्याला नवा नाही. तशी दुसरी जागा दिसली की लोक अर्ज लिहितात आणि तो परत येतो.

दूषित जागांचे केंद्राचे नियम 24 जुलै 2025 ला आले. 'संशयित' जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन करते, नागरिकांच्या तक्रारीवरूनही. कलेक्टर कचेरीत अर्ज द्या, पोच घ्या.

'संशयित' हा शब्द नीट वाचा. नमुने तपासणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. पदरचे पैसे घालून आधी खासगी लॅब गाठू नका. रिपोर्टशिवाय अर्ज घेत नाही म्हणाले, तर तेवढंच लेखी मागा. लेखी कोणी देत नाही, अर्ज मात्र घेतात.

खरी पंचाईत सर्व्हे नंबरची. जमीन दुसऱ्याची, उतारा आपल्याकडे कुठून असणार? पण "नंदेसरीच्या पुढे, नाल्याजवळ" एवढ्यावर साहेब जागेवर जाणार नाहीत. तलाठ्याकडे विचारा, नाहीच मिळाला तर मोबाइलमधले अक्षांश-रेखांश लिहा. बंद कारखाना असेल तर फाटकावरचं जुनं नावही टिपा, कारण सफाईचा खर्च आधी दूषित करणाऱ्याकडून घ्यायचा असतो. नुसत्या घरगुती कचऱ्याचा ढीग या नियमांत बसत नाही; त्यात घातक रसायन मर्यादेबाहेर मिसळलं असेल तरच.

कोणती जागा आधी, हे ढिगाच्या उंचीवर ठरत नाही. विष कुठे आहे, कोणत्या वाटेने जातं आणि कोणापर्यंत पोचतं, या तिन्हींची सांगड बघतात. लोक दोन पानं वासावर लिहितात आणि शेजारच्या बोअरचं पाणी कोण पितं ते राहून जातं! विहिरी किती, त्यातल्या पिण्याच्या किती, शाळा किती अंतरावर, गुरं कुठे चरतात, हे पहिल्या परिच्छेदात हवं.

आता मुदत. 90 दिवसांत प्राथमिक तपासणी, मग आणखी 90 दिवसांत सविस्तर. हे दिवस तुमच्या अर्जापासून मोजायचे नाहीत, मंडळाला कळवल्यापासून मोजायचे. आणि जिल्ह्याची यादी जाते सहा महिन्यांनी एकदा. म्हणून पोचेची नक्कल जोडून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातही अर्ज टाका. शिवाय 180 दिवसांत जागा साफ होते असं समजू नका, तेवढ्यात ती दूषित आहे की नाही एवढंच ठरतं. सफाईला नियमांत मुदतच नाही. नियम आले तेव्हा देशात अशा 103 जागा नोंदल्या होत्या, आणि काम सुरू होतं 7 ठिकाणी.