सोलापूरची मळी आणि विमानाचं इंधन : पार्श्वभूमी

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. साखर की विमान, असा तो वाद होता. खरं तर याच सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी साखर कारखानाही चालवला आणि १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखानाही काढला. चिमणी पडायच्या महिनाभर आधी, १९ मे रोजी, पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांनी देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन मिसळलेलं होतं.

साखरेपासून असं इंधन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतं. जिवाणूंना कामाला लावणं तसं जुनंच. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूकडून दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हे रसायन काढून घेतलं. सोबत ब्युटेनॉल हे अल्कोहोल यायचं, त्याला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. पुढे मळीवरही ही आंबवण चालली, पण खनिज तेलातून तीच रसायनं स्वस्त मिळू लागली आणि ही आंबवण मागे पडली.

आपल्या आसवन्यांत (मद्यार्क कारखान्यांत) यीस्ट मळीचं इथेनॉल करतं. ते गाडीला चालतं; विमानाला मात्र थेट चालत नाही. जेट इंधनात किलोमागे सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २७. वर इथेनॉल पाणीही धरतं.

२००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स लियाओ यांच्या गटाने नामी युक्ती केली. ई. कोलाय जिवाणू व्हॅलिन हे अमिनो आम्ल स्वतःसाठी बनवतोच. त्या वाटेवरचा एक मधला पदार्थ त्यांनी आडवाटेला वळवला. त्यासाठी चीजमध्ये वापरल्या जाणाऱ्या लॅक्टोकॉकसचा एक जनुक आणि यीस्टचा एक जनुक त्याच्यात घातला. व्हॅलिनऐवजी आयसोब्युटेनॉल, म्हणजे ब्युटेनॉलचं भावंड, बाहेर पडू लागलं. त्यातलं पाणी काढून, रेणू जोडून, हायड्रोजन दिला की केरोसीनच्या जातीचं विमान इंधन मिळतं. २०१६ मध्ये या मार्गाला आंतरराष्ट्रीय मानकात जागा मिळाली. गंमत अशी, की कारखानदारीत या कामाला पुन्हा यीस्टच जुंपलं गेलं.

अडचण मुळातच आहे. आयसोब्युटेनॉल थोडं साचलं की ते बनवणारा जीवच गुदमरतो, म्हणून ते सतत उपसत राहावं लागतं. शिवाय त्या जीवाला लागणाऱ्या साखरेचा भाव आहेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात असं इंधन मिसळण्याचं लक्ष्य जाहीर केलं: २०२७ ला १ आणि २०२८ ला २ टक्के. पुढच्याच महिन्यात साखर कमी पडेल या धास्तीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली. जिवाणू किती तगडा, यापेक्षा सरकारी धोरण गळीत हंगामाच्या मध्यात असं फिरणार नाही याची खात्री आसवनीवाल्यांना आधी हवी आहे, असं मला वाटतं.